गांवाचा आराखडा कोणीं करावा?

आपण ज्या घरांत बसून हें भाषण ऐकत आहां, त्या घराच्या भिंतीवर क्षणभर हात ठेवून पाहा. तो गिलावा, ते खांब, ती गच्ची ज्या सिमेंटानें बांधली गेली, तें सिमेंट कोणत्या तरी गांवच्या भूमींतील चुनखडीपासून झालेलें आहे. मी अशाच एका गांवाहून आपणांशीं बोलावयास आलों आहें. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यांत, वणीच्या दक्षिणेस, माजरीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मुकुटबन हें गांव आहे. तालुक्याच्या दक्षिणेकडून पैनगंगा वाहते; तिच्या पलीकडे तेलंगण लागतें. सभोंवार कापसाची काळी जमीन, मधून मधून सागाचें रान. आणि बाजाराच्या दिवशीं मराठी, तेलुगु, गोंडी व कोलामी अशा चार भाषा कानांवर पडतात. भूमीच्या पोटांत मात्र चुनखडी आणि दगडी कोळसा आहे. या चुनखडीच्या बळावर २०२२ सालीं मुकुटबन येथें वर्षाला ३९ लाख टन सिमेंट काढूं शकणारा कारखाना सुरू झाला.

कारखाना आला म्हणजे रोजगार येतो, रस्ते येतात, दुकानें वाढतात. त्याबरोबरच मालमोटारींची रहदारी येते, घरभाडें चढतें, धूळ वाढते आणि पाण्याची मागणीहि वाढते. यांतील कोणती गोष्ट किती प्रमाणांत पत्करावी, आणि पुढेंमागें खाण रिती झाल्यावर गांवापाशीं काय शिल्लक राहावें, हा गांवाच्या आयुष्याचा प्रश्न आहे. तो कोणीं सोडवावा? कागदावर रेघा ओढणाऱ्या तज्ज्ञानें, कीं त्या रेघांच्या आंत ज्याला जन्म काढावयाचा आहे त्यानें? याच विषयावर मी आज चार शब्द बोलणार आहें.

टिकाऊ विकासाची भाषा हल्लीं फार ऐकूं येते, आणि हा विचार परदेशांतून आलेला आहे, असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या वर्धा येथें, मगनवाडींत ग्रामोद्योगांचें काम करणारे जे. सी. कुमारप्पा यांनीं तो फार पूर्वीं मांडला होता. चिरस्थायी अर्थव्यवस्थेवरील त्यांचें इंग्रजी पुस्तक १९४५ सालीं प्रसिद्ध झालें. निसर्गाची संपत्ति दोन प्रकारची आहे, असें त्यांचें म्हणणें. एक सांठ्याची आणि दुसरी ओघाची. कोळसा, तेल, धातूंच्या खाणी हा सांठा. तो काढला तितका कमी होतो. नदीचें वाहतें पाणी, रानांत दरवर्षीं वाढणारें लांकूड हा ओघ; वाढीपुरतेंच घेतलें तर तो आटत नाहीं. आपल्या घरगुती भाषेंत बोलावयाचें तर एक कणगींतलें धान्य आणि दुसरें गोठ्यांतील गाईचें दूध. शहाणा गृहस्थ कणगी भरलेली आहे म्हणून गाय विकीत नाहीं. उलट, कणगींत चार दाणे आहेत तोंवरच तो गाईच्या चाऱ्याची तजवीज करून ठेवतो. मुकुटबनसारख्या गांवाचा सारा प्रश्न या एका वाक्यांत आला: चुनखडीचा पैसा हातीं आहे तोंवर पाणी, माती आणि रान यांची तजवीज कशी करावी?

ही तजवीज गांवकऱ्यांना वगळून करूं गेल्यास काय होतें, याचा एक अनुभव मी आपणांस सांगतों. त्यांत माझ्याकडेहि दोष येतो. म्हणूनच तो सांगणें मला अवश्य वाटतें. नोकरीच्या मध्यकाळांत मी एका लहान गांवीं शिक्षक होतों. त्या गांवाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. उन्हाळ्यांत गुरांना पाणी मिळावें म्हणून तेथें एका ओढ्यावर बांध घालण्याचें ठरलें. जागा ठरली, नकाशा झाला, खर्चाचा आंकडा झाला. आणि सर्व झाल्यावर ग्रामसभेची संमति हवी म्हणून सभा बोलावण्यांत आली. माझें अक्षर बरें, म्हणून सभेचा वृत्तांत लिहिण्याचें काम माझ्याकडे आलें. सभेला अकरा माणसें होतीं. वाचून दाखविलेला ठराव कोणी नीट ऐकला नाहीं. मीं मात्र वहींत ‘सर्वानुमतें मंजूर’ असें सुबक अक्षरांत लिहिलें, आणि उरलेल्या सह्या दुसऱ्या दिवशीं घरोघर फिरून घेण्यांत आल्या.

बांध झाला. पाऊसहि चांगला झाला. परंतु दिवाळी सरतांच बांधामागें चिखल उरला आणि संक्रांतीला तोहि वाळला. त्या गांवचा एक वृद्ध गुराखी रोज शाळेवरून गुरें नेत असे. त्याला मीं सहज हें बोलून दाखविलें. तो म्हणाला, “गुरुजी, तिथं पानी राह्यत नाई जी. खालतं मुरूमच मुरूम हाय. पानी राह्यते वरच्या वळनावर.” मीं विचारलें, “मग हें त्या वेळीं काऊन नाई सांगितलं?” त्यावर तो शांतपणें म्हणाला, “कोनं इचारलं जी?”

श्रोतेहो, तो प्रश्न मी अद्याप विसरलों नाहीं. चाळीस वर्षें ज्यानें त्या ओढ्याच्या कांठीं गुरें राखलीं, त्याच्यापाशीं कोणत्याहि नकाशांत न सांपडणारें ज्ञान होतें. सभेच्या दिवशीं तो दाराबाहेर बसलाहि होता. पण जागा आधींच ठरलेली होती. सभेपुढें विचारावयाचें असें कांहीं उरलेंच नव्हतें. आराखडा पुरा झाल्यावर ज्याला बोलावतात तो साक्षीदार असतो, भागीदार नव्हे. मला या सर्व विषयाचें मर्म एवढेंच वाटतें: गांवकऱ्याला बोलवावयाचें तें उत्तर ऐकण्यासाठीं नव्हे, तर प्रश्न ठरविण्यासाठीं.

हें तत्त्व नगररचनेच्या शास्त्रांतील एका थोर माणसानें आपल्या मराठी संस्थानांतच करून दाखविलें आहे. पॅट्रिक गेडीस हे स्कॉटलंडचे विद्वान १९१४ सालीं हिंदुस्थानांत आले आणि पुढें मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे अध्यापक झाले. होळकरांच्या इंदूर शहराची पाहणी करून त्यांनीं लिहिलेला अहवाल १९१८ सालीं प्रसिद्ध झाला. गेडीस गल्लीबोळांतून पायीं हिंडत आणि घरें, विहिरी, झाडें, मोकळ्या जागा पाहून मगच नकाशाला हात घालीत. वैद्यानें रोग्याची नाडी पाहण्यापूर्वीं औषध देऊं नये, तद्वत् नगररचनाकारानें शहराचें निदान केल्याखेरीज त्यावर शस्त्र चालवूं नये, असा त्यांचा कटाक्ष होता.

त्या काळीं इंदुरांत प्लेगची भीति होती, आणि नकाशे घेऊन फिरणाऱ्या या साहेबाकडे लोक संशयानें पाहत. तेव्हां गेडीस यांनीं काय करावें? त्यांच्या चरित्रकारांनीं नमूद केलें आहे कीं, त्यांनीं महाराजांपाशीं एका दिवसाचें राजेपण मागून घेतलें आणि दवंडी पिटविली कीं, यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमींच्या मार्गानें जाणार नाहीं. ज्या रस्त्यांवरील अधिकांत अधिक घरें झाडून, दुरुस्त करून, रंगवून स्वच्छ केलेलीं असतील, त्याच रस्त्यांनीं ती जाईल. मग काय विचारतां! आपल्या दारावरून मिरवणूक जावी म्हणून सारें शहर कामाला लागलें. गाड्यांमागून गाड्या भरून केर बाहेर गेला. मिरवणुकींत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती. शहर झाडणारे कामगार शुभ्र वस्त्रें लेवून, गळ्यांत हार घालून मानानें चालत होते. आणि नव्या शहराची कल्पना लोकांना डोळ्यांनीं पाहतां यावी अशीं दृश्येंहि होतीं. हुकुमानें जें वर्षांत झालें नसतें, तें लोकांच्या हौसेनें आठवड्यांत झालें. गेडीस यांनीं लोकांना उपदेश केला नाहीं. त्यांच्याच सणाच्या द्वारें काम त्यांच्या हातीं दिलें.

परंतु हौस हें आरंभाचें साधन आहे. वर्षानुवर्षें टिकणाऱ्या कामाला हिशेब लागतो. त्याचें उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें होय. हें गांव अवर्षणाच्या टापूंत आहे. १९८९ सालीं पोपटराव पवार तेथें सरपंच झाले. श्रमदानानें डोंगरउतारावर चर खणले गेले, बांध घातले गेले, झाडें लावलीं गेलीं. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी झाली. पण या सर्वांहून मला महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. पावसाळा सरला कीं गांवांत पाण्याचें अंदाजपत्रक मांडतात. किती पाऊस पडला, जमिनींत किती मुरला, विहिरींना किती पाणी आहे, हें मोजून ग्रामसभेपुढें ठेवतात. त्यांतून पहिला वांटा माणसांच्या व जनावरांच्या पिण्याचा. उरेल त्यावरून रब्बीला कोणतीं पिकें घ्यावयाचीं तें ठरतें. शेतीसाठीं विंधनविहीर खणावयाची नाहीं आणि ऊस, केळीं यांसारखीं पाणीखाऊ पिकें घ्यावयाचीं नाहींत, असा निर्बंध गांवानें स्वतःवर घालून घेतला. सरकारी हुकुमानें असा निर्बंध घातला असता, तर रात्रीं चोरून विहिरी खणल्या गेल्या असत्या. येथें आंकडा सर्वांनीं मिळून मोजलेला असतो. आणि स्वतः मोजलेल्या मापाशीं भांडण करणें माणसाला जड जातें.

दुसरें उदाहरण आमच्या विदर्भांतलें, गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीचें. देवाजी तोफा यांच्यासारखे गांवकरी आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते यांनीं मिळून तेथें दोन रूढी पाडल्या. पहिली अभ्यासगटाची. निर्णय घेण्यापूर्वीं लोक त्या विषयाची माहिती करून घेतात, कायदा समजून घेतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावून शंका विचारतात. दुसरी रूढी सर्वसहमतीची. हात वर करून बहुमत मोजावयाचें नाहीं; एकाचाहि विरोध असेल तर विषय पुढें ढकलावयाचा आणि पुन्हां बोलावयाचें. यांत वेळ जातो हें खरें. परंतु जो निर्णय होतो त्याला मोडणारा मागें कोणी उरत नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं या गांवाला सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून आपल्या रानांतील बांबू स्वतः विकण्याची मोकळीक त्याला मिळाली. हीच कुमारप्पांची ओघाची संपत्ति. वाढेल तितकेंच तोडावयाचें, हा नियम पाळण्यांत ज्यांचें हित आहे, तेच त्या रानाचे राखणदार झाले.

कोणी म्हणेल, अशीं एक-दोन गांवें अपवाद असतात. इतरांना तो अधिकार कोठें आहे? अधिकार आहे, श्रोतेहो. लोकांच्या हातीं कारभार देण्याच्या कामांत आमच्या जिल्ह्याचा वांटा मोठा आहे. पुसद भागांतील वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ पासून महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पुढें ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजीं अंमलांत आली आणि ग्रामसभेला राज्यघटनेंत स्थान मिळालें. महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणें गांवांतील प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद आहे. मतदारांपैकीं शेंकडा १५ किंवा १०० माणसें, यांतील जी संख्या कमी ती सभेला हजर असावी लागते. आणि नियमित ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावयाची असते. १९९६ च्या कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना याहूनहि अधिक अधिकार दिले. झरी-जामणी तालुक्यांतील पुष्कळ गांवें त्या क्षेत्रांत येतात. २०१५ पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखालीं प्रत्येक ग्रामपंचायतीनें आपला आराखडा आपणच करावयाचा आहे. मोठी खाण किंवा कारखाना यावयाचा असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें जनसुनावणीची निदान ३० दिवस आधीं सूचना द्यावी लागते आणि पर्यावरण-अहवालाचा सारांश स्थानिक भाषेंत उपलब्ध करावा लागतो. शिवाय २०१५ च्या खाण कायद्यांतील दुरुस्तीनें जिल्हा खनिज प्रतिष्ठानें स्थापन झालीं. खाणमालकांकडून येणारा त्यांचा निधि खाणींची झळ लागलेल्या गांवांचें पाणी, आरोग्य, शिक्षण व पर्यावरण यांवर खर्च करावयाचा असतो. कणगींतल्या धान्यांतून गाईच्या चाऱ्याची सोय करण्याचा मार्ग कायद्यानेंच असा खुला केलेला आहे.

मग अडतें कोठें? अधिकाराच्या अभावापेक्षां तयारीच्या अभावावर अधिक अडतें, असा माझा अनुभव आहे. सुनावणीला गांवकरी जातो तो रिकाम्या हातानें. “आमच्या विहिरीचें पाणी खालीं गेलें,” असें तो सांगतो, “किती खालीं गेलें?” असें समोरून विचारतात, आणि तो गप्प होतो. त्याचें म्हणणें खरें असेल. परंतु तें मोजलेलें नसतें.

यावर उपाय अगदीं साधा आहे. सेवानिवृत्त झाल्यावर मीं आमच्याकडील कांहीं मुलामुलींना घेऊन एक लहानसा उद्योग आरंभिला. दर हात अंतरावर गांठ मारलेली एक दोरी घ्यावयाची, तिच्या टोंकाला दगड बांधावयाचा, आणि ठराविक विहिरींत महिन्यांतून एकदां ती सोडून पाणी किती हातांवर लागतें तें वहींत लिहावयाचें. पहिल्या वर्षीं लोक हंसले. दुसऱ्या वर्षीं एका बाईनें स्वतःहून विचारलें, “गुरुजी, आमच्या विहिरीचा आकडा काय आला?” ज्या दिवशीं तिनें हें विचारलें, त्या दिवशीं आमच्या आराखड्याला आरंभ झाला असें मी समजतों. ती बाई आतां सभेला आली तर नुसती सही करून परत जाणार नाहीं.

अशाच रीतीनें कितीतरी गोष्टी लोकांना स्वतः नोंदतां येतील. शाळेच्या रस्त्यानें तासाला किती मालमोटारी जातात? कपाशीच्या पानांवर धूळ कोणत्या महिन्यांत अधिक बसते? कोणत्या पोडावरच्या कोलाम बायांना पाण्यासाठीं किती चालावें लागतें? कोणता ओढा पूर्वीं माघापर्यंत वाहत असे आणि आतां मार्गशीर्षांतच आटतो? हीं उत्तरें गुराख्याजवळ, धुणें धुणाऱ्या बाईजवळ, मालमोटार चालविणाऱ्याजवळ, शाळेच्या मुलांजवळ आहेत. तज्ज्ञाचें काम तीं गोळा करून त्यांचा मेळ घालणें हें आहे; त्याच्यावांचून चालेल असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. बांध कोठें घालावा हें गुराखी सांगेल. तो किती जाड असावा हें अभियंत्यानेंच सांगावें. परंतु पहिला प्रश्न आधीं विचारला गेला पाहिजे.

यावर एक आक्षेप येतो तो असा कीं, गांव म्हणजे कांहीं एका मनाचें कुटुंब नव्हे. तेथें जाती आहेत, भाऊबंदकी आहे. जमीनदार बोलतो आणि मजूर ऐकतो. हा आक्षेप खरा आहे. दिवसा मजुरी बुडवून सभेला कोण येणार? चौकांत पुरुष बसलेले असतां बाई कशी बोलणार? गोंडी-कोलामी बोलणाऱ्या म्हाताऱ्याला कागदी मराठी कशी कळणार? म्हणूनच सभा संध्याकाळीं घ्यावी, वस्तीवस्तींत जाऊन घ्यावी, स्त्रियांची सभा कागदावर न ठेवतां खरोखर भरवावी, आणि ठराव लोकांच्या बोलींत समजावून द्यावा. नुसती दारें उघडीं ठेवल्यानें सर्व आंत येतात असें नाहीं. कांहींना हात धरून आंत आणावें लागतें. माझा गुराखी दाराबाहेरच बसला होता, हें मी कसें विसरूं?

शहरांतल्या श्रोत्यांनीं हें केवळ खेड्यापुरतें समजूं नये. ब्राझील देशांतील पोर्तो अलेग्रे शहरानें १९८९ सालीं नगरपालिकेच्या अंदाजपत्रकांत नागरिकांना वांटा देण्यास आरंभ केला, आणि आपल्याकडे पुणें महानगरपालिकेनें २००६ सालीं त्या धर्तीवर नागरिकांकडून कामांच्या सूचना मागविण्यास सुरुवात केली. आपल्या वाड्यासमोरील पदपथ, गल्लींतील वडाचें झाड, पावसाळ्यांत तुंबणारें गटार यांविषयीं आपल्याइतकें कोणास ठाऊक आहे? तथापि आपल्यापैकीं किती जणांनीं आपल्या प्रभागाच्या कामांची यादी एकदां तरी वाचली आहे? माझ्या वहींतील ‘सर्वानुमतें मंजूर’ या शब्दांना आपणांहून जो दोष देईल, त्यानें आधीं हा प्रश्न स्वतःस विचारावा.

आज आमच्या भागांतील डोंगराचा दगड दूरदूरच्या शहरांत घरें होऊन उभा राहत आहे, याचें मला दुःख नाहीं. घरें बांधलींच पाहिजेत. परंतु दगड गेल्यावर तेथें काय उरावें, हें ठरवितांना दाराबाहेर कोणी बसलेला नसावा, एवढीच माझी इच्छा आहे. त्या गुराख्याच्या प्रश्नाला मला उशिरां कां होईना, पण उत्तर द्यावयाचें आहे. पुढल्या वेळीं त्यानें “कोनं इचारलं जी?” असें म्हटलें, तर “आम्हीं विचारलें होतें, बाबा, आणि तुझें म्हणणें या वहींत लिहून ठेवलें आहे,” असें त्याला सांगतां आलें पाहिजे.